चारी बाजूंना दक्षिण

आमच्या घराची पूर्व हरवली, त्या सकाळी अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती.

लोक पायरीवर होते, कुंपणाच्या दगडांवर होते, शेजारच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभे होते. पेरूच्या झाडावर पोरं लटकली होती. सगळ्यांच्या माना एकाच बाजूला : आमच्या नव्या स्वयंपाकघराच्या उघड्या दारातून आत, समोरच्या खिडकीकडे. खिडकीपुढे माझे सासरे, पलटणीतले निवृत्त हवालदार नाथाजी, टाचा जुळवून, छाती काढून उभे. हातात आडवा धरलेला मोबाइल. त्यांच्या शेजारी दिक्पालबाबा. भगवी कफनी, कपाळावर चार दिशांचे चार टिळे आणि पायात पांढरेशुभ्र पळायचे बूट.

"हवालदारसाहेब, खिडकीकडं तोंड केलंत?"

"केलं."

"फोन कुणाचा?"

"माझाच."

"मी हात लावलाय?"

"न्हाई."

"मग वाचा. मोठ्यानं वाचा. पब्लिकला कळू दे."

मामांनी चष्मा नाकावर खाली ओढला. (सासऱ्यांना मी मामा म्हणते, सासूबाईंना आत्या. आमच्याकडे तशीच रीत आहे.) होकायंत्राचं ॲप उघडंच होतं. पडद्यावरचं अक्षर त्यांनी कवायतीच्या आवाजात वाचलं,

"दक्षिण!"

अंगणातून "अगं बया!" उठलं. एका म्हातारीनं तिथल्या तिथे कानशिलावर बोटं मोडली.

आता गंमत बघा. मामा 'दक्षिण' म्हणाले तेव्हा त्यांचे डोळे किलकिले झालेले होते. का? तर त्याच खिडकीतून सकाळचं कोवळं ऊन थेट त्यांच्या तोंडावर पडत होतं. माझ्या कडेवरची प्रांजलसुद्धा त्या उन्हाला मुठीत धरायला बघत होती. नऊ महिन्यांच्या लेकराला सूर्य दिसत होता. एवढ्या गर्दीत मोठ्या माणसांना फक्त फोन दिसत होता.

आत्या ओट्यापाशी पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "आवं, पन सूर्य तर हितनंच वर आलाय की आत्ता."

"माउली!" बाबांनी डोळे मिटले. "सूर्य आपल्या जागेवर आहे. घर फिरलंय! ही खिडकी पाडलीत आणि वास्तूची एनर्जी लीक झाली. पूर्व सरकत सरकत दक्षिणेला गेली. दक्षिण कुणाची दिशा?"

"यमाची!" गर्दी एका सुरात.

"आणि या दिशेला तोंड करून ही माउली रोज भाकरी थापते!"

सगळ्यांनी आत्यांकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू त्या भाकरी नाही, माणसं भाजत होत्या.

मग प्रश्नोत्तरं झाली. ओटा झाल्यापासून म्हशीचं दूध घटलं का? घटलं. (ती आटायला आली होती.) हवालदारांचा गुडघा दुखतो का? दुखतो. (सगळं आयुष्य डोंगर चढलेला गुडघा.) बाळ संध्याकाळी किरकिर करतं का? करतं. (दात येत होते.) प्रत्येक 'व्हय' ला अंगण हादरत होतं. शेवटी निकाल लागला : येत्या मंगळवारी खिडकी विटांनी बुजवायची, त्यात बाबांचा पितळी दिशास्तंभ बसवायचा आणि दरसाल त्याचं रिचार्ज करून घ्यायचं. नाहीतर घर फिरत फिरत पुढच्या वर्षी कुठे जाईल त्याचा भरवसा नाही.

जोतीराम गवंडी गर्दीतच होता. तीच खिडकी त्यानं पाडली होती, तोच आता बुजवणार होता. त्यानं लगेच बोटांनी माप घेतलं. त्याचं काही म्हणणं नव्हतं. पाडली काय, बुजवली काय, गवंड्याला दोन्ही दिशा सारख्याच.

*

त्या खिडकीबद्दल सांगायला हवं.

मामा पलटणीत होते तेव्हा आत्यांनी सगळं आयुष्य मागच्या खोलीत चुलीपुढे काढलं. त्या खोलीला एक दार होतं आणि छपराला धूर जाण्याएवढं भोक. भाकरी भाजली की करपली हे त्या वासानं ओळखत. नवं स्वयंपाकघर बांधायला काढलं तेव्हा जोतीरामनं विचारलं, "काकू, खिडकी कुटं घिऊ?" आत्या कधी नव्हे त्या चौथऱ्यावर चढल्या, चारी बाजूंना बघितलं आणि हात करून म्हणाल्या, "हितं. हितनं येमाई दिसतीया."

औंधचा यमाईचा डोंगर तिथून अगदी समोर दिसतो. पहाटे त्याच्या कडेनं उजाडायला लागलं की आत्या पीठ मळता मळता मान वर करतात, हात पिठाचे असतात म्हणून नुसती पापणी मिटतात. तेवढीच त्यांची पूजा. मग प्रांजलला तेल लावून त्याच उन्हाच्या चौकोनात पालथी घालतात. चौकोन सरकतो तशी पोरही सरकवतात. मी कामं उरकत ते बघत असते. बाईमाणसाला घरात स्वतःची म्हणून एक जागा मिळायला किती वर्षं लागतात, हे मला त्या चौकोनानं शिकवलं.

आणि ती खिडकी मंगळवारी जाणार होती.

"मामा," मी म्हणाले, "फोन चुकत असंल."

"फोन?" मामा गुरगुरले. "ह्यो सॅटेलाइटवर चालतो. आभाळातनं बघतो त्यो. आगं, मी बर्फात, धुक्यात जवानांची पार्टी घिऊन फिरलोय, एकदा दिशा चुकली न्हाई माझी. मला नगो शिकवू."

आणि मग ते फोनकडे बघत राहिले, कारण फोन त्यांना काहीतरी सांगत होता. त्यांनी फोनात भाषा मराठी ठेवलेली. पडद्यावर अक्षरं आली होती : 'जवळपास चुंबकीय अडथळा आहे. फोन ८ च्या आकारात फिरवा.'

पहिलं वाक्य मामांनी ओलांडलं. दुसरं म्हणजे हुकूम होता, आणि हुकूम म्हटल्यावर हवालदार थांबतो होय? त्यांनी हात लांब केला आणि हवेत आठ काढला. आपला, मराठी, शाळेतला आठ. वरून तिरका उतार आणि खाली उजवीकडे शेपूट. पुन्हा उतार, पुन्हा शेपूट.

आत्या म्हणाल्या, "आवं, काय चाललंय? फवारनी करतायसा काय?"

"गप. आठ काढतोय."

"मग पाटीवर काढा की."

फोन पुन्हा तेच म्हणाला. मामांनी पुन्हा तोच आठ काढला, जरा वळणदार. फोन बधला नाही. मामा घाम पुसत म्हणाले, "बघितलंस? आठ काढून बी दक्षिणच. घर लयच फिरलंय."

बिचारा फोन मुकाट्यानं खरं सांगत होता. पण बाबांच्या भक्तांत त्याचं नाव नव्हतं, म्हणून त्याचं कुणी ऐकलं नाही.

*

आता कवचाबद्दल.

बाबा आमच्या वाडीत पहिल्यांदा आले ते प्रवचनाला. त्या दिवशी ज्याच्या त्याच्या हातात त्यांनी प्रसाद दिला. पेढे नव्हेत, दिशाकवच. म्हणजे काय, तर मोबाइलचं कव्हर. काळ्या रेक्झिनचं, पुस्तकासारखं झाकणाचं, वर बाबांचा हसरा फोटो. झाकण मिटलं की 'टच्' वाजायचं. बाबा म्हणाले, हा टच् आवाज म्हणजे मंत्र बसल्याची खूण. झाकण उघडून पाठीमागे दुमडलं की तिथेही टच्. पुढून मंत्र, मागून मंत्र. वाडीभर दिवसभर टच्-टच् चाललेलं. पोरं तर येता-जाता आजोबांच्या फोनचा मंत्र लावून-काढून बघत.

त्यानंतर बाबा घरोघर दिशा बघायला येऊ लागले. स्वतःचा फोन ते कधी काढत नसत. "तुमचाच फोन, तुमचाच हात, तुमचेच डोळे!" आणि कुणाच्या फोनात दक्षिण, कुणाच्या फोनात पश्चिम, पण नीट म्हणून एकाही घरात काही नाही. सगळी वाडी फिरलेली. मग बाबा फोन कवचातून काढत, तांब्याच्या ताम्हनात ठेवत, तो उचलून हवेत नागासारखा वळवत ('अष्टदिशामुद्रा'), आणि दिशा जागेवर! लोक हात जोडत. बाबा फोन पुन्हा कवचात घालत, टच्, की दिशा पुन्हा गायब. "बघा, माझ्या हातात आहे तोवर आहे. कायमचं हवं तर स्तंभ." फोनात दक्षिण आली की बाबांना दक्षिणा आली. एवढं सोपं शास्त्र.

हे सगळं मी डोळ्यांनी बघितलं होतं आणि मलाही कळलं नव्हतं. खोटं कशाला सांगू?

कळलं ते प्रांजलमुळे. म्हणजे तिच्या हिरड्यांमुळे.

सोमवारी दुपारी मामा खाटेवर लवंडले होते. फोन उशाशी, होकायंत्र उघडंच. हल्ली ते दर घटकेला बघत, घर परत आलंय का म्हणून. मी ओट्यापाशी शेंगा सोलत होते. पोरगी रांगत रांगत खाटेपाशी गेली आणि हाताला लागलं ते तोंडात घातलं. हाताला लागलं होतं दिशाकवच. मी धावले तोवर बाईसाहेबांनी बाबांच्या हसऱ्या फोटोला लाळेची आंघोळ घातली होती आणि फोन कवचातून निम्मा ओढून काढला होता. फोन पुरता काढून मी ओट्यावर खिडकीकडे तोंड करून ठेवला, गजांतून बाहेर पडू नये म्हणून जरा अलीकडे, भिजणार नाही असा. आणि कव्हर पुसायला घेतलं.

हातातल्या बांगडीला मी नेहमी दोन-चार सेफ्टी पिना अडकवून ठेवते. लेकुरवाळ्या बाईचं ते शस्त्रागार. कव्हर पुसताना त्यातली एक पिन अशी ताठ उभी राहिली आणि टच्! मंत्राला चिकटली.

मी पिन काढली. सोडली. टच्.

ओट्यावरच्या फोनकडे बघितलं. 'पूर्व.'

कव्हर जवळ नेलं, काटा गिरकी घेऊन 'दक्षिण'. लांब नेलं, 'पूर्व'. जवळ, लांब, जवळ, लांब. प्रांजलला वाटलं हा खेळ तिच्यासाठी आहे. ती टाळ्या वाजवायला लागली. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, हसू की काय ते कळेना.

माझं माहेर आष्ट्याचं. धाकटा भाऊ ऋषिराज तिथे मोबाइलचं दुकान चालवतो. त्याला फोन लावला.

"ताई, त्या झाकणात चुंबक असतंय. मागं बी, पुढं बी. माझ्याकडं लोक तक्रार घिऊन येत्यात, नकाशात गाडी उलटी पळतीया म्हनून. कव्हर काढलं की सुलटी पळतीया."

"अरे पण फोनात काटा कुठंय? मामा म्हणतात सॅटेलाइटवर चालतो."

"जागा सॅटेलाइट सांगतंय, तोंड कुनीकडं हाय ते न्हाई. त्याला आत एक बारकी चिप असतीया. ती धरतीचं चुंबक हुंगती. आता धरतीचं चुंबक लय हळू बोलतंय गं. म्हंजे बघ, जत्रेत आई हळूच हाक मारतीया आनि तुझ्या कानाशी कुनीतरी लाऊडस्पीकर लावलाय. काय ऐकशील?"

"लाऊडस्पीकर."

"त्योच ह्यो कव्हर. आनि हां, लोखंड बी लांब ठिवायचं. गज, गाडी, सगळं. आनि कव्हर काढल्यावर फोन एकदा आठासारखा फिरव. इंग्रजी आठ, बरं का. दोन गाठीचा."

मी मनात मामांचा उतार आणि शेपूट आठवून तिथेच खाली बसले.

*

मामा उठल्यावर सगळं सांगितलं. चिकटलेली पिन दाखवली. त्यांनी ऐकून घेतलं आणि मग एवढंच म्हणाले, "भारलेलं कवच तू पोरीला चावायला दिलंस?"

"मामा, पिन बघा तरी."

"मंत्रात ताकद असती. पिन काय, उद्या बत्ता बी चिकटंल." आणि कव्हर धुऊन, वाळवून, फोनला चढवून, टच् करून ते मारुतीच्या पारावर निघून गेले. हरलेला माणूस जितका ताठ चालतो, तितके ताठ.

मी रडकुंडीला आले. आत्या मात्र शांत होत्या. त्यांनी माझ्या हातातली पिन घेतली, खिडकीच्या कोपऱ्यात ठेवली.

"पोरी, हुज्जत घालून ह्या मानसानं कवा ऐकलंय का माझं? न्हाई. पन हुकूम दिला की ऐकतंय. चांगली सवय लागलीया पलटनीत." त्या पीठ चाळता चाळता थांबल्या. "मला एक सांग. त्यो फोन त्या कव्हरात असताना दुसऱ्या भिंतीकडं तोंड केलं तर काय म्हनतोय?"

मी विचारच केला नव्हता. चुंबक फोनला चिकटलेलं. फोन जिकडे वळेल तिकडे चुंबकही त्याच्याबरोबर वळणार. म्हणजे...

"आत्या!" मी त्यांना मिठीच मारली. पिठाचा सगळा धुरळा उडाला.

*

मंगळवारी गर्दी दुप्पट. आजूबाजूच्या वाड्यांवरूनही लोक आले होते. जोतीराम विटांचा ढीग लावून, कालवलेल्या मालाच्या घमेल्याशेजारी थापी घेऊन बसलेला. बाबांनी स्तंभ ताम्हनात ठेवला. शंख फुंकला. पहिल्यांदा फक्त हवा आली.

"वास्तू, वास्तू, स्थिर भव! सॅटेलाइट देवता, प्रसन्न भव! हवालदारसाहेब, शेवटची रीडिंग घ्या. म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको, बाबांनी खिडकी उगीच बुजवली."

मामा खिडकीपुढे उभे राहिले. फोन आडवा. कवच पाठीमागे दुमडलेलं. टच्.

"दक्षिण!"

"जोतीराम, चालू करा."

जोतीरामनं पहिली वीट उचलून खिडकीच्या तळाशी ठेवली.  तेवढ्यात आत्या पुढे झाल्या. डोईवर पदर, कमरेवर नात, आवाज अगदी मऊ.

"बाबा, येक इचारू? खिडकी तर जानार. मग पूर्वेला दुसरी पाडीन म्हनते. पूर्व कुनीकडं गेलीया ते तेवढं सांगा."

बाबांना प्रश्न आवडला. दुसरी खिडकी म्हणजे दुसरा स्तंभ. "अवश्य माउली! फोनच सांगेल. हवालदारसाहेब, शोधा."

मामा जरा घुटमळले, कुणीकडे वळावं म्हणून. आणि आत्यांनी, ज्यांनी नवऱ्याला उभ्या जन्मात 'आवं'शिवाय हाक मारली नव्हती, त्यांनी बेंबीच्या देठापासून आवाज काढला,

"हवालदार नाथाजी! पीछेऽऽ मुड!"

मामांचं अंग मामांना न विचारता वळलं. टाच वाजली. 

"वाचा!"

"दक्षिण," मामा म्हणाले. आणि चमकले.

"दाहिनेऽऽ मुड! वाचा!"

"द... दक्षिण."

"पीछेऽऽ मुड!"

"दक्षिण!"

पेरूवरच्या पोरांना आता सूर सापडला. आत्यांनी 'मुड' म्हणायचं, मामांनी गर्रकन वळायचं, आणि पोरांनी वरून ओरडायचं, "दक्षिऽऽण!" मामा बिचारे मोती कुत्र्याकडे तोंड करून दक्षिण, पाण्याच्या टाकीकडे दक्षिण, बाबांच्या पोटाकडे दक्षिण. गर्दीत हसू पसरत गेलं, आधी बायकांत, मग पुरुषांत.

मी पुढे झाले. "बाबा, चारी बाजूंना दक्षिण असलेली जागा पृथ्वीवर एकच आहे. उत्तर ध्रुव. आपली वाडी तिथं पोचली असेल तर आधी सगळ्यांना स्वेटर वाटा."

"आनि म्हशीला गोधडी!" जोतीराम थापी उंचावून म्हणाला.

बाबांच्या टिळ्यांतून घाम वाहायला लागला. "हा... हा तर चतुर्दक्षिण योग! फार दुर्मीळ! याला चार स्तंभ..."

"थांबा," मामा म्हणाले.

ते फोनकडे बघत नव्हते. आत्यांकडे बघत होते. मी बांगडीतली पिन काढून त्यांच्यापुढे धरली.  पिन माझ्या चिमटीतून सुटली आणि दिशाकवचाला जाऊन चिकटली. टच्.

मामांच्या चेहऱ्यावर कुठलंतरी जुनं दार उघडलं. ते हळूहळू, शिकवणीतला पाठ म्हटल्यासारखं बोलू लागले.

"रायफल... लांब. हेल्मेट लांब. बेल्टाचं बक्कल लांब. मग कंपास." त्यांचा आवाज चढला. "किती रंगरुटांना शिकवलं मी हे! एक पोरगं बंदुकीला टेकून कंपास बघत हुतं, त्याला मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. आनि मी सवता... मी सवता चुंबकाच्या पिशवीत कंपास घालून हिंडतोय!"

त्यांनी फोन कवचातून उपसून काढला, खिडकीपाशी गेले आणि गजाला टेकवून धरला. 

"ईशान्य," मामा म्हणाले. काटा डुगडुगत होता.

बाबा उसळले. "बघा! बघा! तरीसुद्धा पूर्व नाही! घर फिरलेलंच..."

"गज!" मामा गरजले. "गज लोखंडाचं हायत, येड्या! पार्टी, मागं सर!" आणि स्वतःच दारातून मागे बाहेर आले, अंगणाच्या मधोमध, ट्रॉलीपासूनही लांब. फोन पुन्हा म्हणाला, आठ काढा. मामांनी उतार आणि शेपूट सुरू केलं. मी त्यांचं मनगट धरलं. सासऱ्यांचं मनगट मी त्याआधी कधी धरलं नव्हतं.

"मामा, असा न्हाई. इंग्रजी आठ. अशी एक गाठ, अशी दुसरी."

"म्हंजे? फोन मराठी बोलतोय आनि आठ इंग्रजी काढतोय व्हय?"

"व्हय."

"मग तसं सांगायचं की त्यानं!"

दोन गाठींचा आठ हवेत फिरला. बघणाऱ्या एका आजीबाई ओरडल्या, "आगं, ही तर बाबाची अष्टदिशामुद्रा!" आणि मग मामा खिडकीच्या दिशेला, डोंगराच्या दिशेला, उन्हाच्या दिशेला तोंड करून उभे राहिले. वाचायला वेळ लागला. चष्मा धुकटला होता.

"पूर्व," ते म्हणाले. मग आत्यांकडे वळून, हळू, "पूर्वच हाय गं. तू म्हनत हुतीस तीच."

 मग अंगणभर एकच लगबग सुरू झाली : माणसं आपापले फोन कवचातून सोलून काढत होती. "माझी आली!" "माझी बी आली!" "आरं ट्रॉलीवरनं खाली उतर, लोखंड हाय!" आणि जो तो हवेत इंग्रजी आठ काढतोय. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, सगळ्या वाडीला मधमाश्या लागल्यात.

"माझ्या कवचाची शक्तीच अशी," बाबा अजून लढत होते, "की ते काढलं की दिशा..."

"बाबा," मामा म्हणाले, "जे काढल्यावर दिशा सापडती, त्याला कवच म्हनत न्हाईत. त्याला लफडं म्हनत्यात."

बाबांनी स्तंभ काखेत मारला. ताम्हन राहिलं, ते घ्यायला परत आले, मग शंख राहिला. पळायचे बूट कशासाठी होते ते त्या दिवशी कळलं. गडबडीत औंधची वाट सोडून ते थेट आमच्या उसात घुसले. बराच वेळ ऊस हलताना दिसत होता, इकडून तिकडे, तिकडून इकडे. शेवटी मामांनीच बांधावर उभं राहून हाक दिली,

"बाबा! पूर्व हिकडं हाय!"

*

जोतीराम म्हणाला, "हवालदारसाहेब, माल कालवलाय, वाया जाईल. इटांचं काय करू?"

मामांनी खिडकीतली ती पहिली वीट स्वतः उचलली. "भाइर खिडकीखाली कट्टा बांध. हिला बसाया."

तो कट्टा आता झाला आहे. सकाळी भाकऱ्या उरकल्या की आत्या तिथे पाय सोडून बसतात, प्रांजल त्यांच्या मांडीवर उन्हात पाय झाडते. दिशाकवचं वाडीतल्या बायकांनी वाटून घेतली आहेत. शिवताना सांडलेल्या सुया गोळा करायला त्यांच्यासारखं काही नाही. बाबांचा फोटो पिनांनी भरून गेला की अगदी साळिंदर दिसतो. आणि मामा रोज पहाटे अंगणाच्या मधोमध उभे राहून फोन बघतात. आत्या विचारतात, "आवं, आज सूर्य बराबर आलाय न्हवं?" मामा म्हणतात, "आलाय, आलाय. रिपोर्ट ओके."

मला एवढंच म्हणायचं आहे. आपल्यापैकी कुणी वेडं नव्हतं. फोन खरा होता, हात आपला होता, डोळे आपले होते. फसवणूक मधल्या मध्ये चिकटलेली होती आणि आपण तिला प्रसाद म्हणून घरात घेतली होती. तेव्हा उद्या कुणी दारात येऊन म्हणालं की तुमची दिशा फिरली आहे, तर घाबरू नका. त्याला बसवा, पाणी द्या. मग त्यानं दिलेली वस्तू लांब ठेवून पुन्हा बघा, आणि एकाच बाजूला बघून थांबू नका, चारी बाजूंना वळून बघा. आणि तोंडावर ऊन येत असेल, तर एवढं तरी धरून चाला, की सूर्य आपल्याला फसवायला उगवत नाही.

खिडकी उघडी ठेवा. लेकराला ऊन लागतं.